गाळातली रेघ आणि तिच्या टोकाचा शिंपला

काठावरून | १७ मे, रात्री १०:४०

मे निम्मा सरला की उजनी धरणाचा फुगवटा मागे सरकतो आणि भिगवणच्या बाजूला मैलभर गाळ उघडा पडतो. वरच्या अंगाला वाळून भेगाळलेला, पाण्याजवळ लोण्यासारखा. परवा तिथे चपला हातात घेऊन फिरत होतो. पाण्याच्या कडेला गाळावर एक रेघ दिसली. दोन बोटं रुंद, पेरभर खोल, दोन्ही कडा किंचित उचललेल्या. कुणी काठी ओढत नेली असावी असं वाटलं, पण काठी ओढणारा माणूस असा भरकटत नाही. रेघ वळत वळत जाऊन दोनदा स्वतःलाच छेदत होती आणि एका जागी संपत होती. तिथे गाळात नखाएवढी फट. दोन्ही बाजूंनी बोटं खुपसली, तर थंड, गुळगुळीत काहीतरी लागलं. ओढलं तर येईना. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा पचकन निघालं आणि त्याने पाण्याची चिळकांडी थेट माझ्या चष्म्यावर सोडली.

लॅमेलिडेन्स मार्जिनालिस. आपल्याकडच्या तळ्यांत, धरणांत, संथ नद्यांत सर्रास आढळणारा गोड्या पाण्यातला शिंपला. मी काठावरच्या ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी 'शिंपला' एवढंच नाव सांगितलं, म्हणून मीही तेच वापरतो.

हातात घेऊन नीट पाहिला. लांबी साधारण नऊ सेंटिमीटर, म्हणजे माझा तळवा भरेल एवढा. रंग काळपट तपकिरी, पण कवचाच्या कडेने फिकट पिवळसर पट्टा. लामार्कने १८१९ साली याला 'मार्जिनालिस' म्हटलं ते या कडेवरूनच. 'लॅमेलिडेन्स' म्हणजे पात्यासारखे दात असलेला. तोंडात नव्हे हो, दोन कवचं जोडणाऱ्या बिजागरीत लांबट पात्यासारखे दात असतात, एका बाजूचं पातं दुसऱ्या बाजूच्या खाचेत बसतं. दोन्ही कवचं सरकू नयेत म्हणून. बिजागरीजवळचा फुगीर भाग, जिथून कवचाची वाढ सुरू होते, तो झिजून पांढरा पडला होता आणि खालचा मोत्याचा थर दिसत होता.

मजा म्हणजे आपल्याला जे टोक गाळाबाहेर दिसतं ते त्याचं मागचं टोक. पुढचं टोक खाली गाळात. (पुढे डोकं असेल असं समजू नका, या प्राण्याला डोकंच नाही.) पुढच्या बाजूने कुऱ्हाडीच्या पात्यासारखा मांसल पाय बाहेर काढायचा, गाळात रोवायचा, फुगवायचा आणि उरलेलं अंग त्याच्याकडे ओढून घ्यायचं. अशी एकेक ओढ म्हणजे त्या रेघेतली एकेक अस्पष्ट पायरी. मागच्या टोकाला दोन दारं. खालच्या दाराला झालर असते, त्यातून पाणी आत येतं. वरचं दार बिनझालरीचं, त्यातून बाहेर जातं.

त्या दिवशी मी पाण्याच्या कडेने अर्धा किलोमीटर चालत सापडतील ते शिंपले पट्टीने मोजून परत गाळात ठेवले. एकूण ९३. सगळ्यात मोठा १०४ मिलिमीटर, सगळ्यात लहान ६१. आणि इथेच अडलोय. अंगठ्याच्या नखाएवढा शिंपला मला आजवर एकदाही दिसलेला नाही. मोठे एवढे आहेत तर लहान कुठे असतात? कुणी पाहिलाय का?

सुमेधा_क | १७ मे, रात्री ११:२५

वाचता वाचता थेट बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला पोचले! मेणाच्या ट्रेमध्ये उघडा पडलेला शिंपला, फॉर्मॅलिनने डोळ्यांतून पाणी, आणि जर्नलमध्ये आम्ही सगळ्यांनी 'युनिओ' हे परदेशी शिंपल्याचं नाव लिहिलेलं. ट्रेमध्ये होता मात्र लॅमेलिडेन्सच. आकृत्या परदेशी पुस्तकातल्या, प्राणी आपल्या तळ्यातला.

एक गोष्ट अजून आठवते. याचं आतडं हृदयातून आरपार जातं. शेजारून नाही, आरपार. सरांनी दाखवलं तेव्हा वर्गात कुणाचा विश्वास बसेना, मग टाचणीने हृदय बाजूला सारून दाखवलं. व्हायव्हात हाच प्रश्न मला आला आणि मी 'शेजारून' म्हणाले होते.

नुसताच वाचक | १८ मे, सकाळी ७:०५

मस्त लिहिलंय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खारा वारा | १८ मे, सकाळी ९:१८

आम्ही समुद्राकाठची माणसं. आमच्या खाडीत तिसऱ्या, खुबे, कालवं ढिगाने असतात आणि लहान लहान पिल्लंही वाळूत पायाला टोचतात. तुमच्या शिंपल्याची पिल्लं दिसत नाहीत हे ऐकून नवल वाटलं. हे सगळे एकाच गोतातले ना? मग पिल्लं वाढवायची रीत वेगळी कशी?

काठावरून | १८ मे, दुपारी १:५०

गोत एकच, दोन कवचांचं. पण संसाराची तऱ्हा निराळी, आणि ती निराळी असण्याचं कारण नदीच्या वाहण्यात आहे.

तिसऱ्या किंवा कालवं अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडून मोकळी होतात. त्यातून तरंगणारी अळी तयार होते, काही दिवस भरती-ओहोटीबरोबर हिंडते, मग जागा बघून बसते. नदीत हे चालणार नाही. नदी एकाच दिशेला वाहते. तरंगणारी अळी दर पिढीला थोडी थोडी खाली जात राहिली तर शेवटी वंश समुद्राला मिळायचा. ज्याला धड चालता येत नाही अशा प्राण्याने आपलं पोर प्रवाहाच्या उलट वर कसं पाठवायचं?

माशाच्या अंगावर बसवून.

नर शुक्राणू पाण्यात सोडतो. मादी ते श्वासाच्या पाण्याबरोबर आत ओढून घेते आणि अंडी तिच्या कल्ल्यांमध्येच फळतात. म्हणजे ज्या कल्ल्यांनी श्वास घ्यायचा त्याच कल्ल्यांचा पाळणा. तिथे हजारो, पुष्कळ जातींत लाखो, सूक्ष्म पिल्लं तयार होतात. प्रत्येकाला दोन चिमुकली कवचं आणि ती मिटणारा एक स्नायू, बस्स. डोळ्यांना ठिपकासुद्धा जेमतेम दिसेल एवढा आकार. याला ग्लोकिडियम म्हणतात. मादी ती बाहेर सोडते. मासा जवळून गेला आणि पाण्याबरोबर पिल्लू त्याच्या कल्ल्यांवर किंवा पंखांवर आपटलं की चिमटा बसतो. काही जातींच्या पिल्लांना कवचाच्या कडेला आकडे असतात, ती सहसा पंखांना आणि कातडीला धरतात. बिनआकड्याची कल्ल्यांत राहतात. माशाची कातडी पिल्लाभोवती वाढून त्याला झाकून टाकते, जसा आपल्या बोटात काटा रुतला की मांस त्याच्यावर चढतं. आत पिल्लाचं रूपांतर होतं. पाय, कल्ले, आतडं, सगळं तिथे घडतं. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुटकुळी फुटते आणि तयार छोटा शिंपला तळाला पडतो. तोवर मासा कुठे पोचला असेल ते त्या माशालाच ठाऊक.

जिला मासा मिळाला नाही ती पिल्लं थोड्याच काळात मरतात. लाखांतून किती जगतात ते सांगायला नको.

तंतोतंत | १८ मे, दुपारी ३:३३

भर घालतो. ग्लोकिडियम या नावामागे एक गंमत आहे. १७९७ साली राटके नावाच्या अभ्यासकाने शिंपल्याच्या कल्ल्यांत ही चिमुकली कवचं पाहिली आणि ठरवलं की हे शिंपल्याला लागलेले परजीवी आहेत. नावही ठेवलं 'ग्लोकिडियम पॅरासिटिकम'. म्हणजे आईच्या कुशीतल्या लेकरांना त्याने घुसखोर ठरवलं. पुढे ती शिंपल्याचीच पिल्लं आहेत हे मान्य झालं, आणि १८६६ साली लायडिशला ती माशांच्या पंखांवर सापडली तेव्हा उरलेला अर्धा उलगडा झाला. परजीवी हा शब्द बरोबर होता, यजमान चुकला होता.

नुसताच वाचक | १८ मे, दुपारी ४:०१

म्हणजे शेवटी परजीवीच की! मासा मरत नाही का?

तंतोतंत | १८ मे, दुपारी ४:२०

सहसा नाही. निसर्गात एका माशावर थोडी पिल्लं बसतात आणि माशाला फारसा फरक पडत नाही. टाकीत कोंडून एकाच माशावर शेकडो बसवली तर कल्ले भरून जातात, ती गोष्ट वेगळी. उलट मासाही शिकतो. ज्याच्या अंगावर आधी एकदा पिल्लं बसून गेली त्याची प्रतिकारशक्ती पुढच्या खेपेला त्यांना लवकर झटकून टाकते. त्यामुळे शिंपल्यांना सतत नवे, कोवळे मासे लागतात. आणि कोणताही मासा चालत नाही. चुकीच्या माशावर बसलेली पिल्लं रूपांतर पुरं व्हायच्या आतच गळून पडतात.

शेततळे१२ | १८ मे, रात्री ९:४७

मी वेगळ्या कारणासाठी हा धागा उघडला. दोन वर्षांपूर्वी मी मोत्यांची शेती करायला घेतली होती. एका खासगी केंद्रात दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं (नाव लिहीत नाही), त्यांनीच शिंपले दिले. गाडीने सात तासांचा प्रवास, गोणपाटात भरून. आल्यावर दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया केली, मोत्याला आकार देणारे साचे आत बसवले, जाळ्यांत घालून शेततळ्यात टांगले. महिन्याभरात निम्म्याहून जास्त मेले. वास असा की गडी तळ्याकडे जाईना. केंद्राला फोन केला तर म्हणाले, तुमचं पाणी खराब. पाणी तर विहिरीचं, आरशासारखं स्वच्छ!

माझं नक्की काय चुकलं?

सुमेधा_क | १८ मे, रात्री १०:३०

दादा, 'आरशासारखं स्वच्छ' इथेच बरंच काही आहे. शिंपला पाणी गाळून त्यातली सूक्ष्म शेवाळं आणि कुजका कण खातो. आरशासारख्या पाण्यात तो उपाशी राहणार. त्याला हिरवट पाणी हवं.

आम्ही कॉलेजात एक साधा प्रयोग करायचो. काचेच्या दोन बरण्या, दोन्हींत तळ्याचं हिरवं पाणी. एकीत शिंपला, दुसरी रिकामी. सकाळी ठेवल्या की दुपारपर्यंत शिंपल्याच्या बरणीतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यायचं. दुसरी हिरवीच. आणि शिंपल्याशेजारी तळाला शेवाळाच्या बारीक गोळ्या, शेवया तुटल्यासारख्या. त्यांतला बराचसा भाग विष्ठाही नसतो. जे नको ते तो चिकटपणात गुंडाळून पोटात न घेताच बाहेर टाकतो.

काठावरून | १९ मे, सकाळी ६:५५

शेततळे१२, सुमेधाताईंचं बरोबर आहे, पण माझ्या मते तुमचा मोठा घोटाळा त्याच्याही आधी झाला.

भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा इथे केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्था आहे, 'सिफा'. आपल्या देशात गोड्या पाण्यातल्या मोत्यांचं तंत्र १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथेच बसवलं गेलं. त्यांची पद्धत साधारण अशी: शिंपला निदान आठ सेंटिमीटर लांब आणि पन्नास ग्रॅम वजनाचा हवा. आणल्यावर दोन-तीन दिवस साठवलेल्या पाण्यात, लिटरला एक या हिशेबाने, दाटीने ठेवायचा. त्याने कवच मिटणारे स्नायू सैलावतात. मग शस्त्रक्रिया. मग दहा दिवस प्रतिजैविक घातलेल्या पाण्यात शुश्रूषा, रोज तपासणी, मेलेले बाजूला. त्यानंतर तळ्यात, नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत दोन-दोन, साधारण मीटरभर खोल टांगायचे. वर्ष-दीड वर्ष वाट पाहायची.

तुम्ही आल्या दुसऱ्या दिवशी उघडलेत. स्नायू ताठ असताना कवचं फाकवली की स्नायू फाटतो, तो शिंपला मग नीट मिटत नाही. वरून गोणपाटातले सात तास. शुश्रूषेचे दहा दिवस तर झालेच नाहीत. जे तुम्हाला दोन दिवसांत शिकवलं त्यात मधले बारा दिवस गाळलेले दिसतात.

एक खूण लक्षात ठेवा. कवच मिटवायला जोर लागतो, उघडायला लागत नाही. बिजागरीवरची लवचिक पट्टी ते सतत उघडू पाहते आणि स्नायू ते धरून ठेवतात. म्हणून मेलेला शिंपला आपोआप आ वासतो. टिचकी मारल्यावर मिटला नाही तर लगेच काढा. एक सडला की शेजारचाही मरतो.

शेततळे१२ | १९ मे, सकाळी ८:१२

बारा दिवस गाळलेले... वाचून पोटात खड्डा पडला. आधी कुणी सांगितलं असतं तर.

एक राहिलंच. मधे शेवाळ फार झालं म्हणून एकाच्या सल्ल्याने तळ्यात मोरचूद टाकला होता.

तंतोतंत | १९ मे, सकाळी ८:२०

अरे देवा. मोरचूद म्हणजे तांब्याचं मीठ. गोगलगाई आणि शिंपले मारायला जगभर तेच वापरतात.

शेततळे१२ | १९ मे, सकाळी ८:२४

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

खारा वारा | १९ मे, सकाळी १०:४०

शेततळे१२, मन खट्टू करू नका, शिकण्याची फी समजा.

मला एक विचारायचंय. मोती कसा होतो हे शाळेत शिकलो होतो: वाळूचा कण आत जातो वगैरे. मग साचा कुठे घालतात?

काठावरून | १९ मे, दुपारी १२:१५

वाळूच्या कणाची गोष्ट गोड आहे पण शिंपला जन्मभर गाळ-वाळूतच लोळतो, कण बाहेर टाकण्यात पटाईत असतो. खरं काम प्रावाराचं. कवचाला आतून लागून असलेली ती पातळ मांसल गादी म्हणजे प्रावार. कवच तीच बनवते: बाहेरचा काळपट कातडीसारखा थर, मग खडूचा थर, आणि सगळ्यात आत मोत्याचा थर. प्रावाराच्या पेशी चुकून आतल्या मांसात गेल्या की तिथेही त्या नेमून दिलेलं काम करत राहतात आणि थरावर थर चढवतात. तो मोती. साच्याचं सोपं आहे. प्रावार आणि कवच यांच्या मधे चित्राचा साचा सरकवायचा. प्रावाराला वाटतं कवचच खडबडीत झालंय, तो त्याच्यावरून मोत्याचा थर सारवतो. बाजारात जे 'डिझायनर मोती' दिसतात ते हे.

आता माझी तक्रार. हे शिंपले येतात कुठून? शेततळे१२, तुम्ही विचारलं होतंत का?

शेततळे१२ | १९ मे, दुपारी १:०२

विचारलं होतं. 'नदीतून माणसं काढून आणतात' म्हणाले.

काठावरून | १९ मे, दुपारी १:४०

तेच. आठ सेंटिमीटरच्या वरचे म्हणजे नेमके जाणते, पिल्लं सोडणारे शिंपले. ते नदीतून गोणीने उचलायचे, निम्मे शेततळ्यात मारायचे, पुढच्या वर्षी पुन्हा नदी. याला शेती म्हणायचं तर जंगलातून लाकूड आणण्यालाही शेती म्हणावं लागेल. शेतीत बी आपलं असतं. इथे बियाण्यासाठी योग्य मासा हवा, पिल्लं त्याच्यावर बसायला हवीत, गळून पडल्यावर जपायला हवीत. हे किचकट काम नदी फुकटात करते, म्हणून तिच्याकडूनच घेतलं जातं.

ही जात सध्या तरी धोक्यात नाही. भारतापासून म्यानमारपर्यंत पसरलेली आहे आणि जागतिक यादीत 'कमी चिंतेची' अशी नोंद आहे. तिला साचलेलं पाणी मानवतं, म्हणून धरणं झाली तरी ती टिकली. पण म्हणूनच कुणी तिच्याकडे बघत नाही.

पश्चिमघाट_पायी | १९ मे, सायंकाळी ६:३०

याच्या अगदी उलट स्वभावाचा एक भाऊबंद आमच्या दक्षिणेला आहे. कर्नाटकात तुंगा आणि भद्रेच्या पात्रात स्यूडोम्युलेरिया डालाय नावाचा शिंपला खडकाला सिमेंट लावल्यासारखा कायमचा चिकटतो. एक कवच खडकाला, दुसरं झाकणासारखं. लांबून कालवच वाटतं. अभ्यासकांनीही आधी त्याला गोड्या पाण्यातल्या कालवांसारख्या प्राण्यांच्या कुळात घातलं होतं, नंतर जनुकीय अभ्यासात तो तुमच्या नेहमीच्या शिंपल्यांच्या कुळातला निघाला. १८९८ मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. ही जात जगात दुसरीकडे कुठेच नाही. त्याला रेघ ओढायची सोय नाही. पाणी आटलं किंवा पात्रातला खडक फोडला की संपलं.

तुमच्या शिंपल्यांचं उन्हाळ्यात काय होतं? पाणी उतरलं आणि तो मागे राहिला तर?

काठावरून | १९ मे, रात्री ८:०५

आधी तो पाण्याच्या मागे जायचा प्रयत्न करतो. माझ्या रेघेची गोष्ट तीच. मात्र दिशा कळते असं मला वाटत नाही, भटकत भटकत एखादा पाण्याला लागतो. नाही जमलं तर पायाने स्वतःला खाली ओढतो, कवच मिटतो आणि ओल धरून पडून राहतो. त्या काठावर वाळलेल्या गाळाचं ढेकूळ फोडलं तेव्हा आत एक मिटलेला, जड शिंपला निघाला होता. बादलीत टाकल्यावर वीसेक मिनिटांनी कवचाची फट किंचित उघडली, झालर बाहेर आली. पण वरचा गाळ ट्रॅक्टरने नांगरून गाळपेर केली की हे सगळे वर येतात आणि बगळे-करकोच्यांची चंगळ होते. मुग्धबलाक नावाच्या करकोच्याच्या चोचीत मधे जी फट असते ना, ती गोगलगाई-शिंपल्यांच्याच कामाची.

प्राजू | १९ मे, रात्री ९:५०

धागा वाचून आज मुद्दाम नदीवर गेले!! काठावरून, तुमचं उत्तर सापडलं. वाळूत ओंजळ घातली तर एका ओंजळीत सात-आठ पिल्लं. फोटो टाकलाय. वाटाण्याएवढी ते बोराएवढी, पिवळट, गोंडस.

काठावरून | १९ मे, रात्री १०:१०

प्राजूताई, इतक्या उत्साहाने गेलात आणि मी आता विरजण घालणार, माफ करा. ही पिल्लं नाहीत. हे पूर्ण वाढलेले कॉर्बिक्युला आहेत, वेगळ्याच कुळातले. फोटोत बघा: आकार जवळजवळ त्रिकोणी, कवच जाड, आणि त्याच्यावर एकमेकांना समांतर ठसठशीत वरंबे, नांगरलेल्या रानासारखे. आपला शिंपला लहान असताना लांबट, पातळ, हिरवट असायला हवा.

आणि कॉर्बिक्युलाला मासा लागत नाही. तो पिल्लं काही काळ आत सांभाळतो आणि तयार झाली की सरळ वाळूत सोडतो. म्हणून ते ओंजळीने सापडतात.

प्राजू | १९ मे, रात्री १०:१६

श्या! पण ओळखायला शिकले हे काय कमी.

तंतोतंत | २० मे, सकाळी ९:००

लहान शिंपले न दिसण्याचा प्रश्न मला वाटतो तितका साधा नाही. दोन शक्यता आहेत.

एक, ते आहेत पण दिसत नाहीत. माशावरून गळलेलं पिल्लू मिलिमीटरपेक्षाही लहान असतं, आणि पहिला काही काळ पूर्णच्या पूर्ण वाळूत-गाळात बुडून राहतं. झालरीच्या दारातून पाणी गाळून खाणं पुढे येतं. लहानपणी ते पायावरच्या केसांसारख्या तंतूंनी आजूबाजूचे कण ओढून खातं. म्हणजे रेघ नाही, फट नाही, काहीच नाही. तुम्ही नजरेने शोधलंत तर मोठेच सापडणार.

दुसरी शक्यता जास्त वाईट. युरोपात मार्गारिटिफेरा मार्गारिटिफेरा नावाचा शिंपला आहे. शंभर वर्षांहून जास्त जगतो. त्याच्या पिल्लांना सामन किंवा ट्राउट हेच मासे लागतात, आणि गळून पडल्यावर काही वर्षं खडीच्या आत, जिथून ताजं पाणी झिरपतं तिथे राहावं लागतं. शेतांतली माती आणि खत नदीत येऊन खडीच्या फटी बुजल्या. मोठ्यांना काही झालं नाही, ते मान वर काढून जगत राहिले. लोक मोजायचे तेव्हा हजारो भरायचे. पण किती नद्यांत सगळ्यात लहान शिंपला तीस-चाळीस वर्षांचा निघाला. नदी भरलेली, पाळणा कधीचाच रिकामा. तुमच्या ९३ जणांत सगळ्यात लहान ६१ मिलिमीटर, हा आकडा वाचल्यापासून मला तेच आठवतंय.

सुमेधा_क | २० मे, सकाळी ९:४५

पण आपल्याकडे वय कसं काढणार? कवचावरच्या रेषा मोजून?

तंतोतंत | २० मे, सकाळी १०:०२

थंड प्रदेशात दर हिवाळ्यात वाढ थांबते, म्हणून रेषा वर्षांशी जुळते. आपल्याकडे पाणी आटलं, पूर आला, कुणी उचलून परत टाकलं, तरी रेषा पडू शकते. एक रेघ एक वर्ष, असं धरून चालत नाही.

काठावरून | २० मे, दुपारी ४:३०

पटलं. मी नजरेनेच शोधलं. शिवाय फक्त लोण्यासारख्या गाळात शोधलं, जिथे बारीक जीव गुदमरायचाच. मोठ्याला गाळ चालतो कारण त्याची दारं वर पाण्यात असतात.

नुसताच वाचक | २० मे, दुपारी ४:५५

मग चाळणी घ्या की राव.

शेततळे१२ | २५ मे, सायंकाळी ७:२०

मी घेतली.

माझ्या गावापासून नदी चार किलोमीटर. मोत्यांपायी तिचे शिंपले मारले, निदान बघून तरी यावं म्हटलं. बांधकामावरची वाळूची बारीक चाळणी नेली. डोहाच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी अजून खळखळतं आणि खाली वाळू-गोट्यांचा पट्टा आहे, तिथे वीतभर खोलीपर्यंतची वाळू काढून चाळली. जागा एकच धरली, साधारण घोंगडीएवढी. दोन तास लागले. प्राजूताईंचे त्रिकोणी शिंपले भरपूर. आणि एक वेगळा.

लांबी १८ मिलिमीटर. पातळ, उजेडात धरला तर बोटाची सावली आरपार दिसते. रंग शेवाळी हिरवा. बिजागरीजवळच्या फुगीर भागावर मात्र वाकड्यातिकड्या उंच रेषा आहेत, एकाखाली एक इंग्रजी 'V' लिहिल्यासारख्या. आकार लांबट कमी, गोलसर जास्त. फोटो चढत नाहीये, तीनदा प्रयत्न केला. जागेवर परत ठेवलाय. पाच मिनिटांनी बघितलं तर वाळूत गडप.

तुमचाच का हा, काठावरून?

काठावरून | २५ मे, रात्री ८:४१

दादा, वाचून उठून उभा राहिलो. 'V'च्या रेषा आणि गोलसर आकार म्हणजे लॅमेलिडेन्स नव्हे. बहुतेक पारेशिया कोरुगाटा, 'कोरुगाटा' म्हणजेच सुरकुतलेला. मोत्यांसाठी वापरतात त्या तीन जातींपैकी एक. पण पिल्लू मात्र खरंखुरं, माशावरून उतरलेलं. त्या पट्ट्यात कोणते मासे दिसतात तेवढं लिहून ठेवा, आणि वाळूचे ट्रॅक्टर तिथवर येतात का तेही.

माझ्या जातीचं अजून बाकीच आहे. उजनी आणखी दोनेक हात उतरेल. भीमेचं जुनं पात्र उघडं पडतं तिथे गाळाखाली वाळू आहे असं एका नावाड्याने सांगितलंय. पाऊस यायच्या आत जाऊन येतो. चाळणी कितीची घेतलीत, तीन मिलिमीटर की पाच?

शेततळे१२ | २५ मे, रात्री ८:५०

तीन. पण दुकानदार तिला 'बारीक' म्हणतो, तेच नाव सांगा. आणि ट्रॅक्टर येतात. खालच्या डोहापर्यंत आलेत.